खाऱ्या गावचं पाणी

माझ्या वर्गातल्या बावीस पोरांनी एके दिवशी पाटीवर एकच वाक्य लिहिलं: 'बाबाने मला बाळ दिली.' मी शुद्धलेखन घातलं होतं, 'मामाने मला माळ दिली.' एका हुशार मुलीनं तर व्याकरण सुधारून 'बाळ दिले' केलं होतं. तिची पाठ थोपटायला हवी होती. मी तिच्यावरच छडी उगारली. मग तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. बाबादे बला बाळ दिली.

नाक चोंदलं की म चा ब होतो आणि न चा द. 'नमन' म्हणायला जावं तर 'दबद' बाहेर पडतं. अनुनासिक म्हणजे काय ते मी मास्तरकीच्या शिक्षणात घोकून पाठ केलं होतं, पण कळलं ते आसेगावच्या शाळेत, नाक बंद पडल्यावर. गावानं माझं नावही ठेवून टाकलं होतं, बास्तर. पोरं मागे म्हणायची, मोठी माणसं समोरच म्हणायची आणि वर विचारायची, "काय बास्तर, आज पडसं कसं हाय?"

पडसं कसलं, ते बारमाही दुखणं होतं. भुवयांच्या वर आणि गालफडांच्या आत कोणी ओला गोळा भरून ठेवल्यासारखं वाटायचं. खाली वाकलं की डोकं ठणकायचं. घशात सारखं काहीतरी उतरत राहायचं. वासाचं तर नावच नको. भाकरी करपली तरी मला धूर दिसल्यावर कळायचं. थंडी पडली, खळ्यांवर मळणी सुरू झाली, हवेत कुटार उडायला लागलं की माझी अवस्था आणखी बिकट.

हे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं सांगतो आहे. आसेगावजवळचं वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि नोकरी कच्ची होती. पक्की व्हायची तर माघात शाळाखात्याच्या साहेबांची तपासणी होणार होती, आणि साहेबांची रीत अशी की मास्तरानं त्यांच्यासमोर शुद्धलेखन घालायचं आणि साहेबांनी स्वतः पाट्या तपासायच्या. आमचे मोठे मास्तर सज्जन होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरांची तयारी चांगली आहे तुमची. पण साहेबांनी 'बाबा' वाचलं तर मी काही करू शकणार नाही." घरी आई होती, बाप नव्हता, जमीन नव्हती. ती नोकरी गेली असती तर दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावं लागलं असतं.

आईनं तिचे सगळे उपाय करून पाहिले होते. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी, कपाळाला सुंठेचा लेप, हळदीची धुरी. शेलूबाजारच्या बाजारातून एकदा कडक तपकीरही आणली होती. ती ओढल्यावर मला सलग एकवीस शिंका आल्या. आईनं त्या मोजल्या, समाधानानं मान हलवली आणि नाक जसं होतं तसंच राहिलं.

त्याच वर्षीच्या वैशाखात माझं लग्न झालं होतं. बायको अकोटच्या बाजूची, खारपाणपट्ट्यातली. तिकडे पूर्णा नदीच्या आजूबाजूला विहीर खणली की पाणी खारं लागतं. आंघोळ, धुणंभांडी, गुरं, सगळं त्या पाण्यावर. प्यायचं गोडं पाणी मात्र कोसभर लांबून डोक्यावर आणायचं. आपल्याकडचे लोक त्या गावांत मुली द्यायला कचरतात, पण तिकडच्या मुली खुशाल करून आणतात. आईनंही तेच केलं, आणि वर शेजारणींना सांगत राहिली, "आमची सून खाऱ्या गावची हाय वं, इथलं गोडं पानी पाह्यलं अन् डोये पांढरे झाले तिचे."

तसं काही झालं नव्हतं. ती आली त्या दिवशी आईनं कौतुकानं विहिरीचं ताजं पाणी तिच्यापुढे धरलं. तिनं उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चांगलं हाय, आत्याबाई. सपक हाय जरासं." आईनं ते 'सपक' चार महिने मनात धरलं.

लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. बोलणं कमी. पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा तळ गाठल्याशिवाय सोडायची नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. शुद्धलेखनाचा तो प्रकार झाला त्या संध्याकाळी मी डोकं धरून बसलो होतो. ती म्हणाली, "आमच्या आज्याचंही असंच होये. खळ्यावरून आला का नाक बंद. मंग तो झारीनं नाक धुये."

"नाक धुये म्हंजे?"

"या नाकपुडीतून पानी सोडाचं, त्या नाकपुडीतून काढाचं. मी बी करतो मळनीच्या दिवसात. काहीच होत नाई."

मला हसू आलं. नाकातून पाणी गेलं की काय होतं हे नदीत डुबकी मारलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देवघरातली तोटीची लहान झारी घासली, आणि आपल्या नवऱ्यासाठी म्हणून गावातलं सगळ्यात चांगलं, मारुतीच्या पाराजवळच्या विहिरीचं पाणी आणून कोमट केलं. मला अंगणात वाकून उभं केलं, मान तिरपी केली आणि तोटी नाकपुडीला लावली.

मिरचीची धुरी नाकातून थेट मेंदूत गेली असती तरी इतकं झोंबलं नसतं. मी किंचाळलो. पाणी घशात गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून धारा. आई धावत आली. "पोराले बुडवतं का वं घरातच?"

ती गोंधळून झारीकडे पाहत राहिली. "असं होत नसते," एवढंच म्हणाली. तिनं पाण्यात बोट घालून पाहिलं, गरम नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा राजी केलं, पाणी आणखी निवू दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी झारी घेऊन आली तेव्हा मोठ्या मास्तरांनी तपासणीची तारीख सांगितली होती आणि माझं टाळकं आधीच फिरलं होतं. त्या दिवशी मी जे बोललो त्याची लाज मला अजून वाटते. मी म्हणालो, "तुया गावात सोयरीक केली हेच चुकलं. तुये उपाय तुया गावात ठेव. जाय माहेरी!"

आई चुलीपाशी होती. तिनंही मान वर केली. त्या काळी नवऱ्यानं 'माहेरी जा' म्हणणं म्हणजे रागाचं बोलणं नव्हे, तो निकाल असायचा. बायको वळली. अंगणात गेली, झारी राखेनं घासली, उपडी ठेवली आणि आत येऊन पीठ मळायला बसली.

आठ-दहा दिवसांनी संक्रांतीसाठी तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्याही. परत कधी येणार हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, ही काही आता येत नाही. माझं नाक त्या दिवसांत असं गच्च झालं होतं की वर्गात मी फळ्यावर लिहूनच शिकवू लागलो. पोरांना मजा वाटली असेल. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "घर खायले उठून राह्यलं. तुले बोलता येत नव्हतं तं गप बसाचं होतं." हा टोमणा मला पुरता लागला, कारण तो खरा होता.

आणि मग तिळगूळ संपून पंधरा दिवस झाले असतील, एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. आधी तिचा भाऊ उतरला, ओशाळल्या चेहऱ्यानं. मग ती. तिच्या कडेवर तोंडाला फडकं करकचून बांधलेली पितळी घागर होती.

भाऊ म्हणाला, "दाजी, मले काही बोलू नका. इनं आयकलंच नाई. आमच्या हिरीचं पानी हाय ते."

अकोटपासून अकोल्यापर्यंत मोटार, अकोल्याहून वाशीमपर्यंत आगगाडी, तिथून पुन्हा मोटार आणि फाट्यापासून बैलगाडी, इतका प्रवास त्या पाण्यानं तिच्या मांडीवर केला होता. ज्या पाण्याला तिच्या गावची जनावरंही खुशीनं तोंड लावत नाहीत ते पाणी, गोड्या पाण्याच्या गावाला! आगगाडीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गंगाजल का, बाई?" ती 'हो' म्हणाली. म्हाताऱ्यानं घागरीला हात जोडले, मग डब्यातल्या बऱ्याच जणांनी जोडले. भावानं हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून खाली बसली.

पण बायको हसत नव्हती. तिनं आईला आणि मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. माहेरी गेल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट काय केली, तर घरातलं प्यायचं गोडं पाणी झारीत घेऊन स्वतःच्या नाकात सोडलं. तिची आई ओरडली, गोडं पाणी काय नाकात घालायला आणतात का? आणि तिथंच तिला कळलं. आजा जन्मभर खाऱ्या विहिरीच्या पाण्यानं नाक धूत आला, कारण गोडं पाणी तसल्या कामाला कोणी वापरूच दिलं नसतं. खारं पाणी वाया गेलं तरी कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून ते नाकाला. मिठानं काही होतं हे तिथं कोणाला ठाऊकच नव्हतं. आणि इकडे तिनं नवऱ्याच्या प्रेमापोटी गावातलं सगळ्यात गोडं पाणी शोधून आणलं होतं.

"मले गोडं पानी लय झोंबलं," ती म्हणाली. "डोक्यात गेलं. तवा समजलं तुमाले कसं झालं असंल ते. मंग खारं घेतलं. काहीच नाई झालं."

मी शिकलेला, शिकवणारा माणूस. दोन दिवस नाक झोंबलं तर मी सोयरिकीला दोष देऊन मोकळा झालो. आणि जिला पाटीवर स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तिनं आधी स्वतःच्या नाकावर दोन्ही पाणी तपासून पाहिलं, मग बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घागरीतलं पाणी गाळलं, चांगलं खळखळ उकळलं ("तीन दिवसांचं हाय ते, असंच कसं घ्याचं?") आणि कोमट होऊ दिलं. मग मला अंगणात वाकवलं. त्या अंगणात मास्तर ती होती.

"तोंड उघडं ठेवा. तोंडानंच श्वास घ्या. बोलू नका."

"पन मी काय म्हंतो..."

"बोलू नका म्हनलं ना!"

मी तोंड उघडं ठेवलं. तोटी उजव्या नाकपुडीला लागली. पाणी आत शिरलं, आणि झोंबलं नाही. कोमट, सावकाश, कुठंतरी कपाळाच्या मागून वळसा घालून गेलं. बराच वेळ काहीच नाही. मग डाव्या नाकपुडीतून थेंब पडले, मग धार, आणि त्या धारेबरोबर इतके दिवस आत तळ ठोकून बसलेलं जे काही बाहेर आलं त्याचं वर्णन मी करत नाही. तिनं ते न किळसता पाहिलं आणि म्हणाली, "हं. निंगून राह्यलं." मग दुसरी बाजू. मग हळूच शिंकरायला लावलं, जोर करू दिला नाही.

पहिल्या दिवशी थोडं हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी एक नाकपुडी मोकळी झाली. आठव्या की नवव्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा घरात कसला तरी वास होता. मी विचारलं, हा वास कसला? आई म्हणाली, कसला म्हणजे? रोजचाच, चुलीत पऱ्हाट्या जळून राहिल्यात. मी त्या घरात वर्षभर राहिलो होतो आणि कपाशीच्या काड्यांचा तो वास पहिल्यांदा घेत होतो. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मामाने मला माळ दिली." शेजारच्या घरातून कोणीतरी विचारलं, "कोन्या मामानं?"

आता अडचण वेगळीच. घागर अर्ध्यावर आली होती आणि तपासणी पंधरा दिवसांवर. दर महिन्याला अकोटहून खारं पाणी आणणारा नवरा जगात मीच ठरलो असतो. मी म्हणालो, मीठ घालून पाहू. पण किती? जास्त झालं तरी झोंबतं, कमी झालं तरी झोंबतं.

"मी सांगतो ना किती ते," ती म्हणाली.

तिनं दोन वाट्या मांडल्या. एकीत माहेरचं पाणी, दुसरीत आमच्या विहिरीचं, दोन्ही उकळून निववलेलं. खडेमीठ बारीक वाटून घेतलं. चिमूट टाकायची, ढवळायचं, या वाटीतलं जिभेवर, मग त्या वाटीतलं जिभेवर. डोळे मिटून. पुन्हा अर्धी चिमूट. आम्हाला खारं म्हणजे खारं एवढंच कळायचं. तिच्या जिभेला त्यातले वीस मजले माहीत होते, कारण ती त्याच पाण्यात वाढली होती. ज्या खारेपणावरून आम्ही तिला चिडवत आलो, त्याचंच माप आता आम्हाला हवं होतं आणि ते तिच्याशिवाय पंचक्रोशीत कोणाजवळ नव्हतं.

आईला मात्र पारख केल्याशिवाय राहवेना. तिनं सुनेला पाठ फिरवायला लावून वाट्यांची अदलाबदल केली. सुनेनं दोन्ही चाखल्या, पहिल्या खेपेला माहेरची वाटी बिनचूक उचलून दिली आणि म्हणाली, दुसरीत अजून थोडं घाला. आणखी मीठ पडलं. दुसऱ्या खेपेला तिनं चाखलं, थांबली, पुन्हा चाखलं आणि म्हणाली, "आता मलेच वळखू येऊन नाई राह्यलं." मग आईनं चाखलं. "दोन्ही थू!" म्हणाली, आणि सुनेच्या पाठीवर एक धपका दिला. आईचं कौतुक करायचं रूप तेच होतं. अर्ध्या शेराच्या आमच्या झारीला लहान चमचाभर मीठ, तेही जरा उणं, हे माप त्या दिवशी ठरलं. आज मी ऐंशीच्या घरात आहे आणि माप तेच आहे.

तपासणीच्या दिवशी तिनं मला पहाटेच उठवलं, नाक धुवून दिलं, आणि वरून म्हणाली, "डरू नका." साहेब आले, जाडजूड, कपाळावर आठ्या घेऊन. मोठ्या मास्तरांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला होता. साहेब म्हणाले, घाला शुद्धलेखन. मी मुद्दामच निवडलं, 'नर्मदामावशीने मनूला नवी माळ आणि नऊ आणे दिले.' ठणठणीत म आणि न. तोवर वर्गात माझं फळ्यावर लिहूनच शिकवणं चालू होतं, त्यामुळे पोरं चमकून माझ्याकडे पाहायला लागली. काहींना वाटलं, मास्तर बदलून आले. साहेबांनी पाट्या तपासल्या. एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली. ब कुठंच नव्हता. जाताना साहेब म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत हो तुमचे." मोठे मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले, त्यांना हसू आवरत नव्हतं. नोकरी पक्की झाल्याचा कागद पुढच्या महिन्यात आला.

तपासणीच्या त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई कीर्तनाला गेली होती आणि बायको भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. बायकोची माफी मागण्याची चाल आमच्यात नव्हती, तिच्यासाठी शब्दही तयार नव्हते. पण ते बोलणं माझ्या घशात अडकून होतं, आणि ते काही झारीनं निघणारं नव्हतं.

"मी तुले तवा माहेरी जाय म्हनलं," मी म्हणालो. "तसं म्हनाले नोको होतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"कवा म्हनलं?"

"म्हनलं ना. आईच्या समोर म्हनलं."

"नाई बाप्पा," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमी 'बाहेरी जाय' म्हनलं. म्हनून मी गेली बाहेर. झारी घासली, अन् आतमंदी आली."

 लग्न झाल्यापासून माझ्या चोंदलेल्या नाकातून निघालेला एकही शब्द तिनं मला दुसऱ्यांदा विचारला नव्हता. सगळं गाव चुकलं, बावीस पोरं चुकली, पण माझा ब म्हणजे म आहे हे तिला एकदाही सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशीही तिला नीट कळलं होतं, आणि कळून ती घागर घेऊन परत आली होती. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो, आणि तिनं एवढ्या मेहनतीनं मोकळं केलेलं नाक पुन्हा चोंदून घेतलं.